लॅपटॉपमधला वाद्यमेळ

संगणकावर पियानो हा जवळजवळ सुटलेला प्रश्न आहे. तबला अर्धामुर्धा सुटलाय. सारंगी अजून सुटायची आहे आणि माझ्या मते ती इतक्यात सुटणारही नाही. पुढच्या लेखांमधून मी जी मतं मांडली आहेत त्यांचा गोषवारा एवढाच. ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच पुस्तक मिटलं तरी माझी तक्रार नाही. ज्यांना ‘असं का?’ हा प्रश्न पडतो त्यांच्यासाठी ही लांबलेली प्रस्तावना.

आधी माझा अधिकार सांगतो, म्हणजे तो फारसा नाही हे कळेल. मी नोकरदार माणूस. रात्री घरातली निजानीज झाली की हेडफोन लावून बसणारा. मी चित्रपटाला संगीत दिलेलं नाही, जिंगल केलेली नाही, आणि माझं एखादं गाणं कुठे वाजलंच असेल तर ते नातेवाइकांच्या लग्नात, तेही आग्रह करून. पण हौशी माणसाला एक मोठी सवलत असते. उद्या सकाळी निर्मात्याला ट्रॅक द्यायचा नसल्यामुळे तो एकाच आवाजाच्या मागे आठवडा घालवू शकतो. शिवाय कुठल्या कंपनीचा मिंधा नसल्यामुळे जे बरं वाटलं ते बरं आणि जे टुकार वाटलं ते टुकार म्हणू शकतो. या दोन्ही सवलती मी पुस्तकभर वापरल्या आहेत.

‘व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट’ हे नाव भारदस्त असलं तरी कल्पना जुनी आहे. १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये मेलोट्रॉन नावाचं वाद्य आलं. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असे, आणि त्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा तो तो सूर ध्वनिमुद्रित केलेला. पट्टी दाबली की फीत सरकायची आणि सूर वाजायचा. साधारण आठ सेकंदांत फीत संपली की सूरही संपला. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट हे यंत्र आणलं. त्यात फितीची जागा संगणकाच्या स्मृतीने घेतली. आज आपण हजार-दोन हजारांत, कधी फुकटही, जे डाउनलोड करतो ते मुळात हेच आहे. खऱ्या वाद्याचा एकेक सूर टिपून ठेवायचा आणि पट्टी दाबली की तो सोडायचा.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या नसत्या, तर हे सगळं श्रीमंत स्टुडिओंपुरतंच राहिलं असतं. पहिली मिडी. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधले रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी हे धंद्यातले प्रतिस्पर्धी. या दोघांनी पुढाकार घेऊन सगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी एकाच भाषेत बोलतील अशी व्यवस्था करवून घेतली. १९८३ च्या जानेवारीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरने जोडून दाखवले गेले, आणि ती भाषा आजतागायत जवळपास तशीच चालू आहे. दुसरी गोष्ट जर्मनीतल्या स्टाइनबर्ग कंपनीची. तिने १९९६ मध्ये व्हीएसटी ही पद्धत आणली आणि ती इतरांनाही वापरायला मोकळी ठेवली. आधी त्यात एको, रिव्हर्ब असले परिणामच चालत. १९९९ मध्ये वाद्यंही चालू लागली. त्यानंतर कुणीही, कुठेही, घरी बसून वाद्य बनवून जगाला विकू शकत होता. त्यातून चांगलं बरंच निघालं आणि कचरा त्याहून जास्त.

आता पियानो का सुटला ते पाहू. पियानोवर हातोडी तारेवर आदळली की वादकाच्या हातात फारसं काही उरत नाही. सूर किती जोरात वाजला, केव्हा सोडला, पेडल दाबलेलं होतं का, एवढ्यावर मामला संपतो. मिडीला नेमकं हेच सांगता येतं. कुठली पट्टी, किती जोरात, म्हणजे १ ते १२७ मधला एक आकडा, आणि केव्हा सोडली. वाद्य आणि भाषा यांची कुंडलीच जुळली. म्हणून एकेक पट्टी वेगवेगळ्या जोरात टिपलेले, दहा-दहा जीबी जागा खाणारे पियानो ऐकायला उत्तम वाटतात. फ्रान्समधल्या तुलूझच्या मोडार्ट कंपनीचा पियानोटेक तर एकही सूर टिपत नाही. तार, हातोडी आणि लाकडी फळी यांचं गणित मांडून तो सूर तिथल्या तिथे तयार करतो. त्याची फाइल मोबाइलवर काढलेल्या एखाद्या लहानशा व्हिडिओएवढी. त्याच्या मुळाशी असलेले फिलिप गियोम आधी पियानो जुळवणारे कारागीर होते, मग गणिताकडे वळले. हा क्रम मला फार आवडतो. आधी गणित आणि मग पियानो असा उलटा प्रवास झाला असता, तर वाद्य एवढं चांगलं उतरलं नसतं असं मला वाटतं.

तबल्याची गोष्ट वेगळी. ‘ना’, ‘तीं’, ‘धा’, ‘गे’ असे बोल स्वतंत्र टिपून पट्ट्यांवर बसवले की सुटा बोल झकास वाजतो. पण त्याच पट्ट्यांवर ‘तिरकिट’ वाजवून पाहा. चार दाणे वेगवेगळे पडतात आणि कान लगेच सांगतो की इथे हात नाही. कारण साधं आहे. खऱ्या तबल्यावर पुढचं बोट पडतं तेव्हा मागच्या बोलाची आस तिथेच तुटते, कधी पूर्ण, कधी निम्मी. संगणकावर मागचा सूर निवांत गुंजत राहतो आणि त्याच्यावर पुढचा चढतो. यावर उपाय आहे. ड्रमसेटमध्ये उघडी झांज मिटली की तिचा आवाज कापला जावा म्हणून बहुतेक सॅम्पलरमध्ये, म्हणजे टिपलेले आवाज वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘चोक ग्रुप’ नावाची सोय असते. तीच तबल्याच्या बोलांना लावायची आणि आवाज एकदम न तोडता दहा-वीस मिलिसेकंदांत विझू द्यायचा. यातून निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं डग्ग्यात आहे. मनगट पुढे रेटून घुमारा वर चढवायचा ती करामत सुट्या बोलांच्या साठ्यात बसत नाही. म्हणून बहुतेक कंपन्या सरळ तयार ठेके विकतात. दादरा, केरवा, रूपक, लय कमी-जास्त करा आणि वाजवा. घरच्या रियाजाला ते उपयोगी आहेत यात वाद नाही. पण तबलजी गायकाचं ऐकून वाजवतो. ठेक्याची फाइल कुणाचंच ऐकत नाही.

तंतुवाद्यांकडे आलो की खरी पंचाईत सुरू होते. मिडीमध्ये सूर ओढण्यासाठी एक चाक असतं. सहसा ते दोन अर्धस्वर वर आणि दोन खाली एवढंच फिरतं. ही मर्यादा सेटिंगमध्ये वाढवता येते आणि सतारीच्या मींडेसाठी ती वाढवावीच. पण चाक फिरवल्यावर होतं काय? टिपलेला आवाज आख्खाच्या आख्खा वर सरकतो. मिरजेच्या कारागिराने केलेल्या सतारीत तार ओढली की सूर चढतो, पण भोपळा आणि तबली जागची हलत नाहीत. त्यांची गुंज तीच राहते आणि सूर तिच्यातून सरकत जातो. वाटेत ज्या सुराला मिळालेली तरफेची तार असेल ती आपणहून झणकारते. संगणकात सुराबरोबर भोपळाही सरकतो आणि तरफा गप्प बसतात. ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण ‘कीबोर्डवरची सतार’ हे तो दोन सेकंदांत ओळखतो. सारंगीत तर गज, नखाच्या कडेने तारेवर सरकणारं बोट आणि तरफा हे तिन्ही सतत बदलत असतात. म्हणून ती सुटलेली नाही.

आणखी एक दुखणं आहे, आणि त्याचं निदान फार कमी जण करतात. तानपुरा लावून त्यावर कीबोर्डचा शुद्ध गंधार दाबून धरा. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार आणि कीबोर्डचा गंधार यांत सुमारे १४ सेंटचा फरक असतो, म्हणजे अर्धस्वराचा जवळपास सातवा हिस्सा. कीबोर्डचा गंधार तेवढा चढा. ज्यांचा कान तानपुऱ्यावर तयार झालाय त्यांना तो टोचतो. इतरांना नुसतंच काहीतरी ‘फिल्मी’ वाटतं. गंमत म्हणजे हे दुखणं संगणकात एका मिनिटात बरं करता येतं, पेटीत करता येत नाही. सर्ज एक्सटी नावाचा पूर्णपणे फुकट सिंथेसायझर आहे. त्यात स्वरांच्या जागा आकड्यांनी ठरवून देता येतात. पियानोटेकच्या वरच्या आवृत्त्यांतही ती सोय आहे. भारतीय संगीताची म्हणून विकली जाणारी अनेक महागडी वाद्यं मात्र ही सोय देत नाहीत. हा मी मोठाच दोष मानतो.

पेटीचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबतो. मिडीच्या कीबोर्डवर आज आपण जे आरोप करतो, म्हणजे सूर ठोकळेबाज, मींड नाही, श्रुती नाहीत, ते सगळे हार्मोनियमवर शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पण याच बदनाम पेटीवर गोविंदराव टेंब्यांनी नाव कमावलं. नंतर आप्पा जळगावकर आणि तुळशीदास बोरकर यांची साथ ऐकताना मींड नसल्याची आठवणही होत नाही. त्यांनी पेटीला मींड आणली नाही. पेटीत काय नाही हे ओळखून, भाता आणि बोटांची सलगी यांतून जे शक्य होतं ते शेवटपर्यंत ताणलं. व्हर्च्युअल वाद्यांबद्दल माझं म्हणणं याच जातीचं आहे. प्रत्येक आवाजाला एक कुंपण असतं. ते कुठे आहे ते शोधा आणि त्याच्या आत मोकळेपणाने खेळा. कुंपण लागलं की नवी लायब्ररी, म्हणजे टिपलेल्या आवाजांचा नवा साठा, विकत घ्यायची ही सवय खिशालाही वाईट आणि संगीतालाही.

आपल्याकडे ही यंत्रं उशिरा आली असा एक समज आहे. तो खरा नाही. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर बसवला गेला होता, आणि तिथे केलेले प्रयोग अलीकडे प्रकाशित झाले. मुंबईत चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकाने १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रं एकत्र करून दहा रागांची एक डिस्को तबकडी काढली. तेव्हा ती कुणी विचारली नाही. पुढे जगभरच्या जाणकारांनी ती शोधून काढली, कारण शिकागोत जे ‘अॅसिड हाउस’ नावाचं नृत्यसंगीत काही वर्षांनी जन्माला आलं त्याच्याशी तिचं नातं चकित करणारं होतं. मला त्या तबकडीत नवलाईपेक्षा दुसरीच गोष्ट आवडते. त्या तीन यंत्रांपैकी टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. चरणजित सिंगांनी रागातल्या मींडेसाठी ती बरोबर हेरली. यंत्राचं कुंपण ओळखणं म्हणतो ते हेच.

याची दुसरी बाजू कडू आहे. मुंबईच्या सिनेसंगीताचा डोलारा ज्यांच्या खांद्यावर उभा होता त्यांत गोव्याहून आलेले वादक आणि अरेंजर मोठ्या संख्येने होते. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट. स्वरलिपी वाचून एका टेकमध्ये साठ-सत्तर जणांनी मिळून वाजवायची ही परंपरा नव्वदच्या दशकात मल्टिट्रॅक आणि सिंथेसायझर आल्यावर बघता बघता आटली. आपल्या लॅपटॉपमधला ‘स्ट्रिंग सेक्शन’ कुणाची तरी खुर्ची रिकामी करून आलाय, हे वापरताना ठाऊक असलेलं बरं. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन खऱ्या सिम्फनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. व्हायोलिनचा उत्तम साठा त्यांना संगणकावर मिळाला नसता का? मिळाला असता. तरीही ते गेले आणि तो फरक खेड्यापाड्यांतल्या कानांनाही कळला.

महाराष्ट्रातल्या हौशी माणसाचं पहिलं ‘व्हर्च्युअल वाद्य’ मात्र संगणकावर आलंच नाही. ते आलं हळदीच्या मांडवात आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्रात. रोलँडने १९८५ मध्ये आणलेल्या ऑक्टापॅडचे पुढचे अवतार, आणि यामाहाचे खास भारतासाठी काढलेले, तबला-ढोलकीचे ठेके भरलेले कीबोर्ड. रायगड-ठाण्याकडच्या आगरी-कोळी हळदीत ऑक्टापॅड वाजवणारा पोऱ्या दोन काड्यांनी ढोलकी, टाळी, झांज आणि कोंगो असा सगळा फड उभा करतो. त्याला सॅम्पल म्हणजे काय ते कुणी शिकवलेलं नसतं. पण कुठल्या पॅडला किती संवेदनशील ठेवायचं आणि कुठला आवाज स्पीकरवर फुटतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. अशा वादकांना नाक मुरडणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. या पुस्तकात ऑक्टापॅडवर एक आख्खा लेख आहे तो त्यामुळेच.

आता गाणं रचायच्या सॉफ्टवेअरबद्दल, कारण पत्रं त्याबद्दलच येतात. कुठलं घ्यावं? खरं उत्तर असं की क्यूबेस, लॉजिक, एबलटन, एफएल स्टुडिओ यांपैकी कुठल्याही एकात चांगलं गाणं होतं. माझा स्वतःचा कल रीपरकडे आहे. विनॅम्प लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकलची ही निर्मिती. डाउनलोड जेमतेम काही एमबींचं, जुन्या लॅपटॉपवरही धावतं, आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला. ६० दिवसांच्या चाचणीनंतरही ते बंद पडत नाही, फक्त दर वेळी आठवण करून देतं. अशा सज्जन विक्रेत्याचे पैसे बुडवू नयेत. एफएल स्टुडिओ ठेका रचणाऱ्यांना लवकर जमतं आणि एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट. ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांनी गॅरेजबँड पिळून वापरल्याशिवाय दुसरीकडे पाहू नये. क्रॅक केलेल्या प्रतींबद्दल उपदेश करत नाही. एवढंच सांगतो की त्यांत व्हायरस येतात, अपडेट येत नाही आणि ऐन कामात त्या दगा देतात.

सॉफ्टवेअर मरतं, ही गोष्ट मात्र मनावर कोरून ठेवा. १९८७ पासून चालत आलेल्या केकवॉक या अशाच सॉफ्टवेअरचं काम गिब्सन कंपनीने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये एका घोषणेनिशी थांबवलं. पुढच्या वर्षी बँडलॅबने ते उचललं म्हणून लोक वाचले. त्यामुळे गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅकची साधी वेव्ह फाइल काढून वेगळी ठेवा. प्रोजेक्ट फाइल दहा वर्षांनी उघडेल याची खात्री कोणी देऊ नये आणि आपण मागू नये.

पैसे कुठे घालावेत? आधी बरा ऑडिओ इंटरफेस (संगणकात आवाज नेणारं-आणणारं यंत्र), मग माइक, मग हेडफोन आणि सर्वांत शेवटी लायब्ररी. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात. इंटरफेस आधी का, ते गणितानेच पाहा. संगणक आवाज छोट्या तुकड्यांत हाताळतो. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १,०२४ नमुन्यांचा एक तुकडा धरला तर पट्टी दाबल्यापासून आवाज यायला निव्वळ त्यापायीच २३ मिलिसेकंद लागतात. हवेत आवाज तेवढ्या वेळात जवळपास आठ मीटर जातो. म्हणजे तुमचा तबलजी दिवाणखाना ओलांडून शेजारच्या घरात बसून साथ करतोय. हाच तुकडा २५६ वर आणला की उशीर सहा मिलिसेकंदांवर येतो आणि बोटांना भान येतं. पण तेवढ्या लहान तुकड्यावर आवाज न फुटता चालण्यासाठी चांगला इंटरफेस आणि त्याचा नीट लिहिलेला ड्रायव्हर लागतो. ज्यांना ‘आपल्याला तालच नाही’ असं वाटत असतं त्यांच्यापैकी कित्येकांचं दुखणं एवढंच असतं.

मिक्सिंग, मास्टरिंग आणि आता आलेलं आपोआप गाणं करून देणारं एआय, या तिन्हींवर या पुस्तकात काही नाही. पहिल्या दोन्हींवर माझ्याहून जाणत्यांनी लिहावं. तिसऱ्यात हौशी माणसाने करायला काही उरतच नाही, म्हणून मला त्यात रस नाही.

शेवटी एक मागणं. स्वित्झर्लंडच्या स्वार सिस्टिम्सने भारतीय वाद्यांचे साठे बरेच आधीपासून विकायला आणले, बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सनेही ‘इंडिया’ नावाचा संच काढला. तबला, सतार, बासरी जगभर पोचली. पण गोंधळ्याचं संबळ, तुणतुणं, हलगी, दिमडी, चौंडकं यांचे नीट टिपलेले साठे शोधायला गेलं की हाती येतात ते दुसऱ्याच्या गाण्यातून कापलेले तुकडे. हे काम बर्लिनहून कुणी येऊन करणार नाही आणि त्याला मोठा स्टुडिओही लागत नाही. तुमच्या गावात संबळ वाजवणारा असेल तर त्याला भेटा. ठरवून मानधन द्या. हे ठोके पुढे इतरांच्या गाण्यांतही वाजतील हे आधी स्पष्ट सांगा आणि त्याची परवानगी लेखी घ्या. शांत खोलीत, गोधड्या टांगून, बरा माइक हातभर अंतरावर लावून एकेक ठोका हलका, मध्यम आणि जोरात, प्रत्येकी पाच-सहा वेळा घ्या. आस पूर्ण विझेपर्यंत बटण बंद करू नका. फाइलला वाद्याचं, वादकाचं आणि गावाचं नाव द्या. साठा कसा बांधायचा ते शेवटच्या लेखात पायरीपायरीने दिलं आहे. वाटल्यास पुस्तक तिथूनच वाचायला घ्या.